बहिऱ्या पेटीपुढे

एमलीन वापाची थापा मारते हे कॅनडातल्या जेम्स उपसागराच्या काठच्या क्री आदिवासींच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोजणीला आलेल्या एका इंजिनिअरला तिने सांगितलं होतं, हा खडक देवाचा आहे, इथे बसू नका. खडक तिच्या आवडीचा होता आणि इंजिनिअर त्यावर ऐसपैस बसला होता, एवढीच गोष्ट. पुढे नकाशात त्यावर पवित्र स्थळाची खूण उमटली तेव्हा ती दोन दिवस हसत होती.

म्हणून तिची भाची ट्रिना माहितीपट काढायला शहरातून आली तेव्हा सगळ्यांनी तिला बजावलं, बाकी कोणालाही विचार, पण आत्याच्या नादी लागू नकोस.

पण ट्रिनाला दुसरा इलाज नव्हता. क्री पोरांना घरातून उचलून चर्चच्या ज्या वसतिशाळेत ठेवत, तिथलं एक जुनं रीळ चर्चने समेटाच्या नावाने परत केलं होतं. साठ वर्षांपूर्वीचं, मुकं. मागाहून चिकटवलेला कोणा गोऱ्याचा आवाज त्यावर सांगत होता की पोरं कशी मजेत आहेत. रिळाच्या शेवटी नऊ वर्षांचा एक मुलगा रांगेतून पुढे येतो आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलतो. तो जोसाया, एमलीनचा थोरला भाऊ. त्याच हिवाळ्यात तो शाळेत खोकून खोकून गेला. त्याच्या शेजारी तेव्हा सात वर्षांची एमलीन उभी होती, त्यामुळे तो काय बोलला ते आता तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"आत्या, काय म्हणतोय गं तो?"

"म्हणतोय, पाद्रीबाबाच्या टोपीवर हंस शिटलाय."

दुसऱ्या दिवशी ट्रिनाने पुन्हा विचारलं. या खेपेला जोसाया लापशीतल्या अळ्या मोजत होता.

"काल तर टोपी होती."

"काल माझा चष्मा नव्हता."

ट्रिना चिडली. "क्री बोललं की छडी बसायची ना? मग कॅमेऱ्यासमोर बोललात कसे?"

याचं मात्र एमलीनने सरळ उत्तर दिलं. "जोसायाने कॅमेरावाल्याला विचारलं, या पेटीला ऐकू येतं का? तो म्हणाला, छे, नुसतं दिसतं. मग काय. आख्ख्या शाळेत आपली भाषा बोलायला तेवढीच जागा होती, त्या बहिऱ्या पेटीपुढची. ओठ हलवा म्हणाले, आम्ही हलवले."

"आणि जोसाया काय बोलला?"

"ते तुझ्यासाठी नव्हतं, पोरी."

एवढं म्हणून ती उठली. तो निरोप होता, आणि ज्याच्यासाठी होता त्याला तो मिळालाच नाही, याचं दुःख तिने साठ वर्षं थापांखाली दाबून ठेवलं होतं.

वसंतात रानहंस परतले त्या आठवड्यात गावाच्या सभागृहात रीळ दाखवलं. चर्चतर्फे दक्षिणेहून पाद्री विल्कॉट माफीचं पत्र घेऊन आले होते. गावाने त्यांना चांगली खुर्ची दिली, चहा दिला, आणि कोणीही त्यांची थट्टा केली नाही. बिचाऱ्यांना वाटलं, केवढा हा मान. इथे थट्टा आपल्या माणसाची करतात, परक्याची नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पडद्यावर पोरांची रांग आली आणि सभागृहातली म्हातारी माणसं आपापली वाक्यं आठवून बोलू लागली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणताहेत?" विल्कॉटनी शेजारी बसलेल्या एमलीनला विचारलं.

"तुमच्या प्रकृतीसाठी प्रार्थना," ती म्हणाली.

मग जोसाया पुढे आला. एमलीनने नवी थाप तयार ठेवली होती. पण तिने मागे वळून पाहिलं. सगळं गाव बसलं होतं. हे चित्र आपल्या गावात दाखवतील आणि बाबा ओठांवरून ओळखतील, असंच जोसायाला वाटलं होतं. ती उभी राहिली आणि त्याच्या ओठांबरोबर बोलू लागली.

"बाबा, आम्ही इथे आहोत. हा टोपीवाला फार पादतो. हंस आले की आम्हाला न्यायला या. एमलीनचे बूट आणा, तिचा पाय वाढलाय."

शब्द आणि ओठ एकदमच थांबले. ट्रिनाने विल्कॉटना सगळं भाषांतर करून सांगितलं, पादणंसुद्धा. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"मी काय करू?"

"बाबा तर गेले," एमलीन म्हणाली. "तुमच्याकडे गाडी आहे?"

"आहे."

"हंस आलेत."

सकाळी तिघं निघाली. शाळेचं कबरस्तान नऊ तासांवर होतं. एमलीन मागच्या सीटवर बसून मारलेल्या हंसाची पिसं उपटत होती आणि ती विल्कॉटच्या कॉलरवर उडत होती.

"टोपीवाले, खिडकी लावा. आणि वास आला तर तो माझा नाही."

विल्कॉट कानापर्यंत लाल झाले. ट्रिना गालात हसली.

जोसायाच्या कबरीपाशी एमलीनने पिशवीतून बुटांची जोडी काढली. नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाची. त्या पोराने स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.

"ट्रिना, तुझ्या पेटीला ऐकू येतं का गं?"

"येतं, आत्या."

"मग आवाज बंद कर. चित्र राहू दे."

ट्रिनाने आवाज बंद केला. एमलीन वाकली आणि बराच वेळ बोलत राहिली.

तो माहितीपट आता गावोगाव दाखवतात. शेवटी आत्या काय बोलते, असं लोक ट्रिनाला विचारतात. ती प्रत्येकाला वेगळं सांगते.