खंडूच्या बारा रिंगा

चारकोपच्या पाच नंबर सेक्टरमध्ये खंडू टर्नरचं घर कुठलं, असं मोठ्यांना विचारलंत तर ते डोकं खाजवतील. पोरं मात्र खेळ टाकून सांगतील, "उपग्रहवाले काका ना? या, दाखवतो."

खंडूने सुबोधशेठच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं लेथ चालवला. हात सरळ, तोंड त्याहून सरळ, आणि बोलका तर इतका की बायको म्हणायची, "यांना पत्ता विचारू नका हो, आधी गावची जत्रा ऐकावी लागेल."

अकरा वर्षांपूर्वी वर्कशॉपला एक काम आलं. बांगडीएवढ्या बारा रिंगा, अॅल्युमिनियमच्या, उपग्रहाच्या कॅमेऱ्यातली भिंगं धरून ठेवायला. माप इकडचं तिकडे व्हायचं ते फार तर दोन शतांश मिलिमीटर. नऊ दिवस खंडूला जेवणाची शुद्ध नव्हती. पुढे तो उपग्रह उडाला, शेठने पेढे वाटले आणि खंडूच्या पाठीवर थाप मारली, "तुझ्या रिंगा वर गेल्या रे!"

झालं! त्या आठवड्यापासून सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सतरंजी पडायला लागली. खंडू पोरांच्या हातात व्हर्नियर द्यायचा, ज्याच्या त्याच्या केसाची जाडी मोजायला लावायचा. "अंतराळात जायला वर बसणारा एक लागतो," तो सांगायचा, "पण खाली टर्नर लागतो, वेल्डर लागतो, ड्रॉइंग काढणारी पोरगी लागते. मी नववी नापास, तरी माझा माल पृथ्वीला फेऱ्या मारतोय!" हे ऐकून यंदा दहावीतल्या श्रुतिकाने घरात भांडण काढलं. बाप म्हणे कॉमर्स, ही म्हणे मेकॅनिकलचा डिप्लोमा. "काकांनी केलं, मग मी का नाही?"

मुलुंडच्या एका कारखान्यातून खंडूला दोनदा बोलावणं आलं होतं, पगार चांगला. दोन्ही वेळा शेठ म्हणाले, "उपग्रहाचा माणूस तू, आता पंपाचे बोल्ट कापणार?" खंडू लाजला आणि राहिला.

यंदा शेठ वर्कशॉप वसईला हलवायला निघाले. माळा रिकामा करताना खंडूच्या हाताला एक खोका लागला. आत बारा रिंगा. त्याने एक उचलली आणि ओळखली. आपल्या हाताचं काम कोण ओळखणार नाही? प्रत्येक रिंगेच्या कडेला पिवळा-लाल डाग होता आणि खोक्याला लाल चिठ्ठी, 'रिजेक्ट'.

आता काय झालं होतं, तर माल तयार झाला तो ऐन दसऱ्याला. वर्कशॉपच्या रीतीप्रमाणे मशीनची पूजा झाली आणि खंडूने भक्तिभावाने एकेका रिंगेलाही हळद-कुंकवाचं बोट लावलं. जिथे बोटाचा तेलकट ठसा चालत नाही, तिथे कुंकवाची पूड! भिंगाजवळ असला माल कोण बसवणार?

खोका घेऊन तो शेठच्या टेबलासमोर उभा राहिला.

"शेठ, हे इथे कसं?"

सुबोधशेठ बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "अरे, परत आलं होतं ते. मग घाटकोपरच्या कुणा राजारामकडून करून घेतलं उपग्रहवाल्यांनी. चार दिवसांत."

"मग पेढे कसले वाटलेत?"

"तू एवढा खूश होतास, खंडू. कोणत्या तोंडाने सांगू? आणि कुंकू तूच लावलंस ना?"

"नारळ तुम्हीच फोडलात की! तुमच्यासमोर लावलं. चूक माझी, मान्य. पण मला सांगितलं असतंत तर मी पुन्हा केल्या असत्या. चार नाही, तीन दिवसांत केल्या असत्या. तुम्ही मला चूक सुधारू दिली नाहीत, शेठ. आणि मुलुंडला जायची वेळ आली तेव्हा हेच खोटं पुढे केलंत."

शेठ म्हणाले, "चहा घे." खंडूने घेतला नाही.

रविवारी तो हॉलवर गेला. सतरंजीवर खोका ठेवून सगळं सांगितलं, कुंकवासकट. दोघं पोरं चपला घालून निघून गेली. श्रुतिका मात्र उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मी पप्पांशी तीन महिने बोलत नाहीये, काका. तुमच्या नावावर!"

"मला माहीत नव्हतं गं."

"उपग्रह तर गेला ना वर? मग ज्याचा माल गेला त्याला बोलवा. तुम्ही कशाला शिकवता?"

शेठचं खोटं लागलं नव्हतं इतकं हे लागलं. पण पोरगी बोलली ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडू घाटकोपरच्या गल्ल्या धुंडाळत राजारामच्या गाळ्यावर पोचला. माणूस साठीचा, कानाने अर्धा. खंडूने खिशातली रिंग पुढे केली. राजारामने ती बोटांत फिरवली.

"केल्यात अशा. दवाखान्यातल्या मशीनला लागतात."

"कुणी सांगितलं?"

"तेव्हाच्या मालकाने. का?"

खंडूने खरं ते सांगितलं. राजारामने लेथ बंद केला आणि स्टुलावर बसला. "अकरा वर्षं झाली म्हणता? माझी आई जिवंत होती तेव्हा," एवढंच बोलला.

पुढच्या रविवारी खंडू त्याला घेऊन हॉलमध्ये आला. पोरं उरली होती सात. सवयीने खंडूने घसा खाकरला, "तर मुलांनो, हे राजारामभाऊ. झालं असं, की..."

"काका, तुम्ही बसा," श्रुतिका म्हणाली. "त्यांना सांगू दे."

खंडू पोरांच्या ओळीत, सतरंजीच्या टोकाला बसला. राजाराम बराच वेळ अडखळत राहिला. मध्ये एकदा त्याने माप चुकीचं सांगितलं. खंडूच्या ओठांवर बरोबर आकडा आला होता. तो त्याने गिळला.