इंगोले डॉक्टरांची न मोडणारी कवळी

नवी कवळी तयार झाली की इंगोले डॉक्टर ती रोग्याच्या हातात देत नसत. आधी त्याच्या देखत भिंतीवर हाणत. म्हातारी माणसं दचकून खुर्चीतून उठायची. फुटली तर डॉक्टर तुकडे गोळा करत आणि त्यालाच पुन्हा पंधरा दिवसांनी बोलवत. "माह्या हातानं फुटली त भाकरीनं फुटनच," असं त्यांचं म्हणणं.

शेलूबाजारात त्यांच्या दवाखान्याला लागून माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. सत्तरचं दशक, गावोगाव विहिरींवर विजेचे पंप बसत होते आणि जळतही होते, त्यामुळे मला कामाला तोटा नव्हता. पलीकडे कवळी आपटली की माझ्या भिंतीवर टांगलेले नट खोलायचे पाने खडखडायचे. मी इकडून शिव्या द्यायचो, ते तिकडून द्यायचे, आणि मग आम्ही एकत्र चहा घ्यायचो. भलताच तापट माणूस. मोडकी कवळी गरम खिळ्यानं डागून सांधणाऱ्या एका पाटलाच्या त्यांनी खरोखर कानाखाली वाजवली होती.

अनसिंगची गंगाबाई त्यांच्याकडे यायला लागली तेव्हा चाळिशीचीही नसेल. तिच्या नवऱ्यानं, नारायणनं, मारून पुढचे दात पाडले होते. खिळखिळे झालेले बाकीचे डॉक्टरांना काढावे लागले. वर-खाली कवळी बसवून दिली, तर काही महिन्यांत वरची मधोमध मोडून आली. पुन्हा केली, पुन्हा मोडली. मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, तिचा नवरा अजूनही मारते तिले."

"मले दिसत नाही काय?" ते माझ्याच अंगावर आले. "म्हणून त मजबूत पाह्यजे. मोडली का तुकडे घुसतात तिच्या तोंडात. टाळू पाह्यली काय तू तिची?"

मोटारीच्या तारेवर गुंडाळायची काचेच्या धाग्यांची फीत माझ्याकडे असे. ती त्यांनी उचलून नेली. कवळी ज्याची घडवतात त्या गुलाबी कणकेत फीत दाबून त्यांनी ती उकळत्या पाण्यात शिजवली, भिंतीवर हाणली, तर भाकरीच्या पापुद्र्यासारखी फीत सुटी झाली. असे कितीतरी प्रयोग वाया गेले. शेवटी त्यांनी, ती कणीक ज्यात कालवतात त्या पातळ औषधात फीत आधी चांगली मुरू दिली आणि ओलीच कणकेत घातली. ती कवळी भिंतीला दाद देईना. मग हातोडा घेतला. हातोडा उसळून त्यांच्याच अंगठ्यावर बसला, नख काळंनिळं झालं, आणि या गृहस्थानं आनंदानं मला मिठी मारली. "आता मार म्हणा त्याले," ते म्हणाले.

गंगाबाई ती कवळी घालून गेली. बरेच दिवस आली नाही, म्हणून डॉक्टर खुशीत होते. मग एके दिवशी जऊळक्याहून तिचा भाऊ दादाराव आला. त्यानं रुमालातून कवळी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उजेडात फिरवून पाहिली.

"मोडली नाही," ते मला म्हणाले. "पाह्य, साधी चीर नाही."

"जबडा मोडला," दादाराव म्हणाला. "अकोल्याच्या दवाखान्यात आहे बाई. तारेनं बांधलं तोंड."

डॉक्टर उठले, रस्त्यावर जीप थांबवली आणि अनसिंगला निघाले. त्यांना धरायला म्हणून मी बरोबर गेलो. धरलं मात्र नाही. नारायण ओसरीवर जेवत होता. डॉक्टरांनी त्याचं ताट लाथेनं उडवलं आणि तोंडावर ठोसे घालत सुटले. दोन दात अंगणात पडलेले मी पाहिले. नारायणनंही कुऱ्हाडीचा दांडा घेऊन त्यांच्या उजव्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेजाऱ्यांनी दोघांना ओढलं. प्रकरण पोलिसांत गेलं, कसंबसं मिटलं. मला त्या दिवशी डॉक्टरांचा अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

उन्हाळ्यात गंगाबाई भावाबरोबर आली, तेव्हा मी दवाखान्यातच बसलो होतो. जबडा वाकडा जुळला होता, जुनी कवळी बसेना. डॉक्टरांचं मनगटही तसंच जुळलेलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खाली मान घालून म्हणाले, "मी त्याले सोडलं नाही, बाई."

"आयकलं," ती म्हणाली. बोलताना तिला त्रास होत होता. "पण तुमाले एक सांगते, डॉक्टर. कवळी मोडली, तोंडातून तुकडे पडले, का त्याचा हात थांबे. दर डावाले असंच होय. या डावाले मोडलीच नाही. तो मोडाची वाट पाहून राह्यला होता."

डॉक्टरांनी ती जुनी कवळी उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मंग आता कशी करू?"

"आता मजबूतच करा. आता भावाच्या घरी राह्यते मी. तिथं भाकर चावाची आहे फक्त."

डॉक्टरांनी औषधाची वाटी पुढे ओढली. वाकडं जुळलेलं मनगट वळेना, त्यामुळे फीत वाटीत सरळ बुडेना. शेवटी दुसरं टोक मी धरलं.