धारण तलावाचे नाना

कुठल्याही सोसायटीत पाऊल टाकलं की नाना आधी भिंत बघायचे. गेटवर अध्यक्ष, सचिव, हार घेतलेल्या बायका ताटकळत उभ्या असायच्या आणि आमचे आमदार मीटररूमशेजारी वाकून भिंतीची ओल बोटानं चाचपत असायचे. "मागल्या पावसात पानी कवर आलता?" हा प्रश्न वॉचमनला. तो बिचारा गुडघ्याला हात लावून दाखवायचा. मग नाना खिशातून निळी पेन्सिल काढायचे, त्या उंचीवर एक रेघ ओढायचे, तिच्याखाली साल लिहायचे आणि मगच हारासाठी मान पुढे करायचे. नव्या रंगावर रेघ ओढली म्हणून दोन सोसायट्यांनी माझ्याकडे लेखी तक्रार दिली होती. मी ती फाइलला लावून टाकली. दुसरं काय करणार?

मी त्यांची पी.ए. होते. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. वडील नोकरीसाठी नेरूळला आले आणि आम्ही इथलेच झालो. नाना मात्र इथल्याच सारसोळ्याचे कोळी. त्यांच्या वडिलांची होडी होती. नाना शिकले, शाळेत भूगोलाचे मास्तर झाले आणि निवृत्त व्हायच्या आत कुणीतरी त्यांना तिकीट दिलं. निवडून येतील असं तिकीट देणाऱ्यालाही वाटलं नसावं. आले. सभागृहात ते पुस्तकी मराठी बोलत, पण गाडीत बसलं की गावची बोली सुरू. मला ते 'बाय' म्हणायचे. माझ्या वयाच्या सगळ्या मुलींना म्हणायचे, त्यामुळे त्यात माझं विशेष काही नव्हतं, तरी मला बरं वाटायचं.

त्यांच्या कामाच्या तीन कापडी पिशव्या होत्या. एकीवर 'पाणी', दुसरीवर 'ऊन', तिसरीवर 'खाडी' असं स्केचपेननं लिहिलेलं. एका वार्ताहर मुलीनं एकदा विचारलं, "साहेब, आमदार म्हणून तुमचे प्राधान्यक्रम काय?" नानांनी तिच्यासमोर तिन्ही पिशव्या ठेवल्या. "पानी वर चरतंय, म्हनून ते पैलं. ऊन फुकट हाय तरी आपन कोलसा जालतो, म्हनून ते दुसरं. आनि खाडीचं मतदार यादीत नाव नाय, म्हनून ती माज्याकडं." मुलीनं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि रस्ते?" नाना म्हणाले, "ते बुडनारच हायेत ना." दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होता, 'रस्ते बुडणार: आमदारांची कबुली'. आठवडाभर मी फोन घेत बसले होते.

उन्हाच्या बाबतीत तर ते घरच्यांनाही नकोसे झाले होते. स्वतःच्या गच्चीवर सौर पॅनल बसवलेली आणि रोज सकाळी ओलं फडकं घेऊन कबुतरांची घाण पुसायला हे वर. कार्यकर्ते खाली चहा पीत थांबलेले. गावातल्या होड्यांना डिझेलऐवजी बॅटरी बसवावी म्हणून त्यांनी एक होडी तयारही करवून घेतली. जेट्टीवर सगळा गाव जमला. एक म्हातारा खलाशी म्हणाला, "नाना, मधी खाडीत तुजी बॅटरी बसली त वल्हं कोन मारनार, तुजा मंत्री?" सगळे हसले, नानाही हसले. मग एकटेच होडीत बसले आणि पुलापर्यंत जाऊन परत आले. येताना खरंच वल्हं मारत आले. पण त्या दिवसानंतर तीन पोरांनी बॅटरीच्या होडीसाठी अर्ज भरले, हेही सांगायला हवं.

सभागृहात एकदा त्यांनी खाडीतून नाहीशा होत चाललेल्या मासळीवर प्रश्न लावला. मी मसुद्यात 'विविध प्रजाती' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. "विविध म्हनलं की कोनाचं काय गेलं ते कलत नाय." आणि उभं राहून त्यांनी एकेक नाव वाचायला घेतलं. निवटी, चिंबोरी, बोईट, जिताडा, कालवं. तिसऱ्या नावाला बाकांवर हशा सुरू झाला. कुणीतरी "मसाला कुठला?" असं ओरडलं. वरच्या गॅलरीत मी मसुद्याच्या कागदात डोकं घातलं. नाना न थांबता यादी संपवून खाली बसले.

पण त्यांचा जीव अडकला होता तो धारण तलावात. आमच्या शहराची जमीनच मुळी खाडीतून काढलेली. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर गटारांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते साठवायला हे तलाव ठेवलेत. ओहोटी लागली की पाणी निघून जातं. आमच्या सेक्टरच्या मागचा तलाव गाळानं भरत आलेला, खाडीकडचे दरवाजे गंजलेले, त्यामुळे उधाणाला खारं पाणी आत घुसून तलाव काठोकाठ भरायचा. अशा तलावातला अर्धा भाग बुजवून तिथं क्रीडासंकुल करायचा प्रस्ताव आला. कागदावर त्या जागेला 'पडीक, कोरडी' म्हटलं होतं. तलावाच्या काठाला बैठ्या घरांची एक ओळ आहे. त्यातलं चौथं घर आमचं. आईच्या गुडघ्यांमुळे तिला उंबऱ्याची एक पायरीही जड जाते. तलाव बुजला तर पाणी कुठं येणार, हे सांगायला भूगोलाचे मास्तर लागत नव्हते. माझी झोप उडाली होती.

नानांनी धडपड करून विधिमंडळाच्या समितीचा पाहणी दौरा मंजूर करून घेतला. तारीख त्यांनी स्वतः काढली, पौर्णिमेची. "दुपारी एकला पानी काठाला लागंल. साहेबांच्या बुटाला लागूं दे, मंग अहवाल बरोबर येल." त्या दिवशी समिती पावणेबाराला सारसोळ्याला नानांच्या घरी आली. चहा घेऊन थेट तलावावर जायचं ठरलेलं. पण समिती गावात येतेय म्हटल्यावर गावच्या बायका गप्प बसतात होय? आणि खरं सांगायचं तर जेवणाचं मीच सुचवलं होतं. एवढी मोठी माणसं येणार आणि नुसता चहा, हे मला बरं दिसेना. चिंबोरीचं कालवण, तळलेली बोईट, तांदळाच्या भाकऱ्या. साडेबाराला पानं मांडली गेली.

एक वाजला. साहेब चिंबोरीच्या नांग्या फोडायला शिकत होते. दीड वाजला. एका सदस्यांनी आणखी भाकरी मागितली आणि स्वयंपाकघरात आनंद झाला. नाना दाराशी उभे होते. तिथून खाडी दिसते. ते एकदा खाडीकडे बघायचे, एकदा पानांकडे. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "नाना, उठवा ना यांना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले. "पाहुन्याला पानावरून कसा उठवू, बाय?" सोलकढी आली, मग पान-सुपारी, मग फोटो. आम्ही तलावावर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. समोर नुसता चिखल आणि त्यात चार बगळे. एक साहेब म्हणाले, "इथं पाणी आहे कुठे?" नाना सांगत राहिले, दोन-तीन तासांपूर्वी इथं, अगदी इथवर. साहेब मान हलवत होते. जेवण फार छान होतं म्हणाले.

अहवालात वाक्य आलं, 'प्रत्यक्ष पाहणीत तलाव कोरडा आढळला.' नानांनी ते माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं. मी म्हणाले, "जेवणाचं माझ्यामुळे झालं." ते म्हणाले, "भरती कोनाला कलत होती? तुला का मना? चूक माजी." पुढच्या अधिवेशनात त्यांनी लक्षवेधी सूचना दिली. शेवटच्या दिवशी ती कामकाजाच्या यादीत होती, पण गोंधळात सभागृह तहकूब झालं. त्यानंतरच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. तलावात डेब्रिजचे डंपर रिकामे होऊ लागले.

आमदारकी गेल्यावर पंधरा दिवसांनी ते चालत आमच्या घरी आले. आई पलंगावर होती. त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. "ताई, मी तलाव वाचवू शकलो नाही. माझ्या हातून राहिलं. या पावसात घरात पाणी येणार. तुम्ही वरच्या मजल्यावर कुठंतरी जागा बघा." आई म्हणाली, "साहेब, पाणी आल्यावर येणारे लई पाहिले. आधी येऊन सांगणारे तुम्हीच." त्या महिन्यात आम्ही दोन सेक्टर सोडून, लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्यानं जागा घेतली. ओळीतल्या आणखी दोन घरांत नाना आमच्याकडे आले त्याच दिवशी गेले. एकानं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "आता कसली निवडणूक?" दुसऱ्यानं त्यांना उभ्यानंच वाटेला लावलं.

बाकीच्या घरांना जायचं राहिलं, कारण त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी भेटायला गेले तर दवाखान्यातल्या खाटेवरून पहिली चौकशी घरांची. "किती रायलीत सांगायची?" मी म्हटलं, "नाना, आधी बरे व्हा." त्यांनी माझं मनगट धरलं. "मना टाइम लागंल. तू जाशील ना? उरलेल्या घरांना सांगशील?" मी हो म्हणाले. तेव्हा मी एका दुसऱ्या साहेबांकडे नोकरीला लागले होते, त्यांना क्रीडासंकुलाच्या भूमिपूजनाची घाई होती. घरोघर जाऊन काय सांगायचं, कुणाच्या नावानं सांगायचं, कुणी कळवलं तर काय, असं मी रोज घोळवत होते. रविवारी जाते, पुढच्या रविवारी जाते. नाना जूनमध्ये गेले. सारसोळ्याच्या जेट्टीपाशी त्यांना ठेवलं होतं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघून म्हणत होते, हिनं फार सेवा केली.

जुलैत पाणी आलं. भर दुपारी, उधाणाला, दोन तासांत. मी दोन दिवसांनी गेले तेव्हा ओसरलं होतं. आमच्या रिकाम्या घराच्या भिंतीवर ते खिडकीच्या गजांपर्यंत चढून गेलेलं दिसत होतं. शेजारचे घोडके काका दारात स्टुलावर बसले होते. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. पोरांनी तिला पलंगासकट उचलून शाळेत नेलं, तोवर ती छातीपर्यंत भिजली होती. आता दवाखान्यात होती, न्यूमोनिया झाला होता. काकांच्या पायाशी गाद्या, डबे, देवाच्या तसबिरी चिखलात पडल्या होत्या.

मला बघून ते उठायला लागले. जुना शेजार, माझ्यासाठी उठायचं काही कारण नव्हतं. "बस," म्हणाले, बसायला जागा नव्हती तरी. मग आमच्या घराकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईला बरं आधीच कळलं."

त्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होईना. नशिबाची गोष्ट म्हणून त्यांनी ते बोलून टाकलं होतं. मी मान हलवली असती तर तिथंच संपलं असतं. तोंडावर मान हलवायची सवय मला नोकरीनं लावलीच आहे. मी चिखलात त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"काका," मी म्हणाले, "नानांनी मला तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी आले नाही."