कोळशाच्या दोन खुणा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. मी कर्जतला ब्लाउज शिवते. टेपने मोजून जे हाती येईल तेवढंच खरं मानणारी बाई मी. आई मात्र जन्मभर वितीने मोजत आली... त्यावरून आमचे कितीतरी वाद झालेत.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती खाटेवरच. गेल्या वर्षी भिसेगावच्या घरमालकांनी मुलाच्या लग्नासाठी खोली परत मागितली, महिन्याभरात सोडा म्हणाले. मग माझी वणवण सुरू झाली. खोल्या होत्या हो, पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी सोबत आहे म्हटलं की मालकांचे चेहरे उतरायचे. आपल्या खोलीत कुणी मरायला नको, एवढंच ते तोंडावर बोलायचे नाहीत. दहिवलीच्या एका एजंटने कानमंत्र दिला – आधी एकटी राहते म्हणून सांगा, आईला मागाहून आणा. मला पटलं नाही, पण आठच दिवस उरले होते.

त्याच दुपारी गिऱ्हाइकाचे ब्लाउज द्यायला पळसदरीला गेले. घाईत गळ्यातला टेप काढायचा राहिला होता. परतताना एका घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. मालकीणकाकी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी सरळ खोटं बोलले – एकटीच आहे.

काकींनी माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे.

"मग आईची खाट कुठं लावशील गं?"

कुणाची आई, असं मी उलट विचारलं.

काकींनी सगळं सांगितलं. मंगळवारी दुपारी एक म्हातारी आली होती. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. तिने खिडकीखालची भिंत वितीने मोजली, चुलीतला कोळसा मागून दोन खुणा केल्या आणि तांब्याभर पाणी प्यायली. लेक येईल, तिच्या गळ्यात टेप असतो, असं सांगून गेली. तिच्या शब्दाखातर काकींनी दोन भाडेकरू परत पाठवले होते.

आईच्या हनुवटीवर गोंदण आहे. आणि मंगळवारी मी दिवसभर तिच्या खाटेशेजारीच मशीनवर बसले होते!

मी तिथेच रडले. आई कुशीवरसुद्धा वळू शकत नाही, हे खरं ते सांगून टाकलं.

"असू दे गं," काकी म्हणाल्या. "खोली तिचीच हाय."

रविवारी टेंपोने सामान आणलं. आईला उचलून आत नेलं, तर काकींनी जुन्या मैत्रिणीला विचारावं तसं विचारलं, "आलीस का गं?" आई तोंडभर हसली. खाट त्या दोन खुणांच्या मध्ये बरोबर बसली. मी टेपने दोनदा मोजलं.

आता आमचं छान चाललंय. खिडकीतून डोंगर दिसतो, आई दोन घास जास्त जेवते, दुपारी काकी तिच्याशी गप्पा मारायला येतात. दिवाळीत भिंतींना रंग दिला तेव्हा त्या खुणा तेवढ्या मी सोडल्या. हे सगळं कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही... आईला दारोदार लपवत फिरले, याची मात्र लाज वाटते.

एकदाच, चहा पाजताना, मी तिला विचारलं, तू इथे आली होतीस का? तिने तोंडातला घोट गिळला. मग अडखळत म्हणाली,

"तू लई दमली होतीस गं."