फ्रेंच माणसासाठी बोललेला नवस

आवाजावर पोट भरणाऱ्या माणसानं न बोलण्याचा नवस बोलू नये. मी बोललो.

येरमाळा सोडलं तेव्हा असला धोका दिसत नव्हता. हायवेवर टपरीपुढं उभं राहून आम्ही मुंबईच्या गाडीची वाट बघत होतो. आईनं भाकरी बांधून दिली होती आणि वडील सारखं एकच सांगत होते, "तोंड चालू ठेव. उपाशी मरायचा न्हाईस." गावातल्या प्रत्येक नाटकात मी राजा व्हायचो. माईक बंद पडला तरी माझा आवाज पारापर्यंत जायचा. मुंबई आपली वाट बघतेय याबद्दल मला शंका नव्हती. गाडीला एवढा उशीर का लागतोय, हीच काय ती शंका.

मुंबईनं माझा चेहरा बघितला आणि नको म्हणाली. आवाज मात्र ठेवून घेतला. मालाडमधली एक बंद खोली, कानाला हेडफोन, समोरच्या पडद्यावर ओठ हलवणारा एक फ्रेंच नट, आणि त्या ओठांवर बेतून बसवायची माझी हिंदी. आमच्याकडं निजाम जाताना थोडी उर्दू मागं ठेवून गेला होता, ती कामी आली. पहिल्या सिनेमात तो खुनी शोधत होता, दुसऱ्यात स्वतःच खून करत होता, तिसऱ्यात दारुडा बाप झाला होता. तिन्ही ठिकाणी मीच. तो कुजबुजला की मी कुजबुजायचो, तो रडला की मी रडायचो. त्याच्या मानानं जरा जास्तच, असं मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे स्टुडिओत आवाज ठरवणाऱ्या बाई.

मग मी कार्ड छापलं. त्यावर माझ्या नावापेक्षा त्याचं नाव मोठं. सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात आली, नको म्हणालो. मालिकेतल्या हवालदाराचं काम आलं, तेही नको. फ्रान्सचा आवाज सोयाबीन विकत नसतो, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. आज आठवलं की कानशिलं तापतात.

आणि एक दिवस त्यानं सिनेमा सोडून नाटक धरलं. रंगभूमी हेच आपलं पहिलं प्रेम, असं त्यानं कुठंतरी मुलाखतीत सांगितलं. पॅरिसच्या नाटकाला मालाडमध्ये डबिंग लागत नाही. तीन वर्षं तो तिकडं टाळ्या घेत होता आणि इकडं मी, सकाळी चहाच्या आधी, त्याला कंटाळा आला का ते मोबाईलवर शोधत होतो. पुढं तो कार्टूनमधल्या एका अस्वलाला आवाज द्यायला लागला. म्हणजे माझ्याच धंद्यात आला. बरं वाटायला हवं होतं, पण हिंदीतलं अस्वल दुसऱ्याच कुणाला मिळालं. तोवर हवालदाराच्या आणि सोयाबीनच्या जागाही भरल्या होत्या. मी एकेका स्टुडिओच्या पायऱ्या चढायचो. तिथली पोरं विचारायची, सर, सध्या काय चाललंय? तोंड चालू होतं. बाकी काहीच नव्हतं.

तुमच्यापैकी जे पुण्याला, दुबईला गेलात त्यांना ठाऊक आहे, घरी फोन केला की आपण सगळे मजेत असतो. मीही होतो. एका फोनवर मात्र मजेत आहे म्हणता म्हणता हुंदका आला. आईनं विचारलं, त्या फ्रेंचवाल्याला काय झालं? म्हटलं, नाटक करतोय. मी गावी गेल्यावर ती मला घेऊन आमच्या गावदेवीच्या, येडाईच्या, डोंगराच्या पायऱ्या चढली, आणि त्या माणसाला सिनेमात परत आण म्हणून तिनं नारळ आणि ओटी बोलली. मला ते फार साधं वाटलं. मी शेजारून म्हणालो, आणि जत्रेत तुझी पालखी आमराईत असते ते पाच दिवस मी मौन धरीन. नटाची जात. देवीपुढंसुद्धा टाळी हवी.

चैत्रात जत्रा आली. आईबरोबर जत्रेच्या रिवाजाप्रमाणं चुन्याच्या रानात चुनखडी वेचली, पालखीमागून आमराईत गेलो, एका झाडाखाली पथारी टाकली आणि तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर मॅडमचं नाव. दोन वर्षांत त्यांचा एक फोन नव्हता. तो सिनेमात परत आला, हे मला कळलं.

एक "येतो" पुरलं असतं. पण देवीनं तिची बाजू पाळली होती. मी माझी तिसऱ्याच दिवशी मोडली आणि तिनं सिनेमा काढून घेतला तर? मी फोन आईच्या हातात दिला.

"त्यो बोलायचा न्हाय बाई, नवस हाय त्याचा," आई म्हणाली. "व्हय, अजून दोन दिस."

मी हातवारे करत होतो, आई मला गप राहा म्हणून खुणावत होती. मुळात गपच होतो. फोन कट झाला. 'आज निघतो' असा मेसेज टाइप केला. जत्रेच्या गर्दीत रेंज मेलेली, तो संध्याकाळपर्यंत जाईना. गेला तेव्हा उत्तर आलं: सर, रेकॉर्डिंग उद्या सकाळीच आहे, दुसरा आवाज घेतला.

उरलेले दोन दिवस मी मौन पाळलं. तसंही बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आईला सांगितलं, स्टुडिओवाले थांबले माझ्यासाठी. नवस फळला म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले होते; तिच्या देवीनं माझं काम घालवलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? रेकॉर्डिंगच्या नावाखाली चार दिवस मुंबईला जाऊन आलो, खोली सोडली आणि आराम करायला आलोय म्हणून येरमाळ्यात राहिलो. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं खोटं बोलावं लागत नाही. आता घर म्हणजे ती एकच बाई, जिच्यासाठी खोटं बोलायचं बळ अजून उरलंय.

परवा तो सिनेमा मोबाईलवर आला. आईला मोतीबिंदू, मोबाईलवरचं बारीक चित्र दिसत नाही, ती फक्त ऐकते. माझे सगळे सिनेमे तिनं असेच ऐकले आणि प्रत्येक वेळी "लई झाक" म्हणाली. ती लसूण सोलत बसली होती. मी मोबाईल तिच्याजवळ ठेवला आणि म्हणालो, "तवा सर्दी झालती. आवाज जरा येगळा लागलाय."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग सालपटं सुपात गोळा करत म्हणाली, "ह्यो तू न्हाईस. आन् बरं झालं. इतक्या वर्सांत पैल्यांदा कळलं, त्यो बाबा बोलतोय तरी काय."