डेन्मार्कचं नाणं

चिंच भिजत घातली की तिच्या आंबट वासानं मला पुंडलिकनगरच्या घरातली लक्ष्मीपूजनाची एक सकाळ आठवते, बाळांनो. तुमच्या आजोबांना जुनी नाणी जमवायचा नाद होता; त्यांनी कित्येक वर्षं शोधून डेन्मार्कच्या जुन्या राजाचं चांदीचं नाणं मिळवलं होतं. काळवंडलेलं, पण अक्षरं शाबूत असलेलं. सासूबाईंनी ते पूजेसाठी चिंच आणि राखेनं खसाखसा घासलं. "देवापुढं काळी चांदी ठेवतेत व्हय रे? बघ, कसं लखलखायलंय!" राजाचा चेहरा पुसट झाला होता, अक्षरं तर गेलीच होती. आजोबांनी ते हातात घेऊन उलटून पाहिलं, मग म्हणाले, "लई छान झालं, आई." त्यानंतर त्यांनी एकही नाणं घेतलं नाही. सासूबाई मात्र दर दिवाळीला हौसेनं विचारायच्या, "औंदा नवं नाही आणलं?" "मिळालंच नाही, आई," ते हसून सांगायचे. ते हसू आठवलं, की मला आजही गलबलून येतं.