आमी मेथी खाल्ली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका आहार-पाहणीच्या कामावर होते. आंबेगाव तालुक्यातल्या गरोदर बायकांना रोजच्या जेवणातून अ जीवनसत्त्व किती मिळतं, ते मोजायचं होतं. पिशवीत स्टीलच्या तीन वाट्या, लहान, मधली आणि मोठी, आणि फॉर्मचा गठ्ठा. काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारायचं आणि वाटी दाखवून माप घ्यायचं. जिचा आकडा कमी येई तिचं नाव यादीत जाई, आणि यादीतल्या बायकांना डॉक्टर बोलावून तपासत.

मी जुन्नरची. पुण्याहून आलेल्या मुली 'कोरड्यास' ऐकून सुकी भाजी लिहीत आणि मी त्यांची टर उडवत असे. अगं, कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, मग ते कितीही पातळ का असेना! इथली बोली मला येते, याचा मला भारी तोरा होता.

महाळुंगे पडवळच्या एका घरात सातव्या महिन्यातली सून माझ्यासमोर बसली. विशीची, हडकुळी. सासू शेजारीच शेंगा निवडत होती.

"काल काय जेवलीस?"

"आमी मेथीचं कोरड्यास आन भाकरी खाल्ली."

"दूध?"

"घेतो की आमी. घरची म्हैस हाय."

किती, म्हणून मी वाट्या मांडल्या. तिने सासूकडे पाहिलं आणि मधल्या वाटीवर बोट ठेवलं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो; अंधार पडताना दिसायला त्रास होतो का, या प्रश्नाला सासूनेच उत्तर दिलं, "आमाला नाय बाई कसला तरास." मी लिहून घेतलं. आकडा छान आला. तिचं नाव यादीत गेलं नाही.

पाचेक आठवड्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तर ती ओसरीवर एकटीच बसलेली. सासू रानात गेली होती. पोट दिसत नव्हतं आणि घरात बाळाचा आवाजही नव्हता. तिनेच सांगितलं, दिवस मावळताना पाणी घेऊन येत होती, ओट्याची पायरी दिसली नाही, हंड्यासकट पडली. मूल पोटातच गेलं.

"दिवस बुडाला की दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "पोटुशीपणी व्हतंच म्हणाले घरातले."

मग हळूहळू बाकीचं कळलं. दूध पुरुषांना आणि डेअरीला. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, तोवर पातेल्यात मेथीचं नुसतं पाणी उरलेलं असायचं. 'आमी' म्हणजे ती नव्हती, घर होतं. माझी आईही जन्मभर असंच बोलली. तीही 'आम्ही जेवलो' म्हणायची आणि उपाशी असायची. तरी माझ्या कानाला ते खटकलं नाही. मला माझीच भयंकर चीड आली.

पाहणीच्या साहेबांना सांगून तिचं नाव यादीत घालायचं मी ठरवलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय! नव्या फॉर्मचा पहिलाच रकाना होता, गरोदर: होय की नाही. मी 'नाही'वर खूण केली. ती माझ्या पेनाकडे बघत होती. आवाजात राग नव्हता.

"ताई, तवा तुमी आत्याबाईंना वाईच भाईर धाडलं असतं ना, तर मी सांगितलं असतं."